लिंबू-गवती चहाचा फ्लेवर: ग्लासात ठीक, श्वासात का नाही?

हा आपल्या एपिसोडचा लिखित भाग. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, आकडे पुन्हा एकदा तपासून घेतलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. लोकलमध्ये इअरफोन विसरला असाल, तर वाचून काढा.

[००:४०] प्रश्न कुठून आला

"दादा, जे खाल्लं तरी चालतं, ते ओढलं तर काय होणारे?"

हा प्रश्न मला माझ्या आत्येभावानं विचारला. वय वीस, पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर राहतो. विचारला तेव्हा आमच्या सोफ्यावर उशी छातीशी धरून बसला होता आणि दर दोन वाक्यांनंतर खोकत होता. कुणाकडून तरी त्याला एक वेप मिळाला होता. आतलं लिक्विड संपलं, तर यानं ते उघडून गवती चहाच्या तेलाचे चार थेंब टाकले. खोलीत वास दरवळावा म्हणून डिफ्यूझरमध्ये घालतात ना, ते तेल. बाटलीवर लिहिलेलं, 'शंभर टक्के नैसर्गिक'.

आता मला जड जाणारी गोष्ट सांगतो. ही आयडिया त्याला माझ्याकडून मिळाली. मी मँचेस्टरला असताना फॅमिली ग्रुपवर नाही, पण आम्हा भावंडांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला होता. किचनच्या ओट्यावर छोट्या बाटल्या, सिरिंज, वजनकाटा आणि खाली माझी ओळ: 'लिंबू-गवती चहा, व्हर्जन ७, फायनली जमलं!' त्यावर सगळ्यात आधी बदामाचं चिन्ह टाकणारा हाच.

त्यामुळे आजचा एपिसोड हा थोडा माझा हिशोब चुकता करण्यासाठी आहे. त्या ओट्यावर आम्ही नक्की काय करत होतो, फ्लेवर बनतो कसा, आणि त्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर काय, हे सगळं नीट सांगतो.

[०२:३०] मँचेस्टरचा ओटा

कंपनीनं मला दीड वर्षासाठी ऑनसाइट पाठवलं होतं. रूममेट नागपूरचा, दिवसाला एक पाकीट सिगारेट ओढणारा. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवा, म्हणजे एनएचएस, सिगारेट सोडू पाहणाऱ्या मोठ्या माणसांना वेप हा एक पर्याय म्हणून सांगते. त्यांचं म्हणणं साधं आहे: सिगारेटपेक्षा कमी घातक, पण निरुपद्रवी नाही, आणि जो ओढतच नाही त्यानं सुरू करू नये. माझ्या रूममेटनं त्या मार्गानं सिगारेट सोडली. हे मी डोळ्यांनी बघितलंय, त्यामुळे ते लपवणार नाही.

तयार बाटल्या महाग पडायला लागल्या तेव्हा तो घरी मिसळायला लागला. तिथे हे कायदेशीर आहे. नियमही स्पष्ट आहेत: निकोटिन असलेलं लिक्विड जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम प्रति मिली आणि बाटली १० मिलीपेक्षा मोठी नाही. बिननिकोटिनचा बेस आणि फ्लेवर सुटे मिळतात.

आत असतं काय? मुख्य चार गोष्टी. पहिली प्रोपिलीन ग्लायकॉल, ज्याला सगळे पीजी म्हणतात. पातळ असतं, फ्लेवर धरून ठेवतं. दुसरी व्हेजिटेबल ग्लिसरीन, म्हणजे व्हीजी. हे घट्ट, किंचित गोड, आणि तो पांढरा ढग दिसतो तो मुख्यतः याच्यामुळे. तिसरं निकोटिन. चौथा फ्लेवर, म्हणजे पीजीत किंवा अल्कोहोलमध्ये विरघळवलेला दाट अर्क.

माझा संबंध फक्त चौथ्याशी. मी सिगारेट ओढत नाही, पण एक्सेल शीट बनवतो! टक्केवारी टाकली की ग्रॅम किती हे सांगणारी शीट मी त्याला करून दिली, आणि वर्षानुवर्षं सिगारेट ओढून त्याचं नाक बोथट झालेलं, म्हणून चव बघायचं काम माझ्याकडे आलं. चव बघायचो ती सोड्यात, ग्लासातून. पण खरं सांगायचं तर शेवटी 'फायनल टेस्टिंग' म्हणून तीन झुरके मीही घेतले. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

[०५:१०] जीभ कमी, नाक जास्त

पहिल्या दिवशी मी लिंबाच्या अर्काचा एक थेंब थेट जिभेवर टाकला. करू नका! कडू, जळजळीत, साबणासारखं आणि वर जिभेचं टोक बधिर. मला वाटलं अर्क खराब निघाला. तसं काही नव्हतं. दाट अर्क असाच लागतो. तो ओळखायचा तर पातळ करूनच. म्हणून ग्लासभर सोडा, दोन चमचे साखर आणि अर्काचा एक थेंब, असं आमचं टेस्टिंगचं सूत्र ठरलं.

दुसरी गोष्ट. आपण ज्याला चव म्हणतो, तिचा मोठा भाग वासाचा असतो. जिभेला फक्त गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढंच कळतं. बाकीचं सगळं घशामागून नाकात जाणाऱ्या वासातून कळतं. आत्ताच करून बघा. नाक दाबून लिंबाची गोळी तोंडात टाका. फक्त गोड आणि आंबट लागेल. मग नाक सोडा. एकदम लिंबू!

म्हणूनच बाटलीतला लिंबाचा अर्क खोटा वाटतो. त्यात लिंबाचा वास आहे, आंबटपणा नाही. मेंदूला वाटतं, हा वास तर लिंबाचा, मग आंबट कुठे गेलं? मग तो दुसरी आठवण काढतो, आणि ती असते भांड्यांच्या साबणाची किंवा फरशी पुसण्याच्या लिक्विडची. आपण लहानपणापासून लिंबाचा वास आंबटपणाशिवाय तिथेच घेतलाय ना!

[०७:००] लिंबू आणि गवती चहा: एकाच घरातले

आता थोडं रसायनशास्त्र, घाबरू नका.

संत्र्याची साल दाबली की जो फवारा उडतो, त्यातलं बहुतेक सगळं लिमोनीन असतं. संत्र्याच्या सालीच्या तेलात ते नव्वद टक्क्यांच्या वर असतं. लिंबाच्या सालीतही तेच सगळ्यात जास्त. पण मग लिंबू संत्र्यासारखं का वास देत नाही? कारण त्यात थोड्या प्रमाणात सिट्रल असतं. तेलात जेमतेम काही टक्के, पण 'हे लिंबू' असं नाकाला सांगतं ते हेच.

आणि गवती चहाच्या तेलात काय असतं? तेच सिट्रल, साधारण सत्तर ते ऐंशी टक्के! म्हणजे पावसाळ्यात आजी चहात पात टाकते तेव्हा जो वास येतो, तो आणि लिंबाचा वास, दोघांचा मूळ रेणू एकच. इंग्रजीत त्याला 'लेमनग्रास' म्हणतात ते उगाच नाही.

हे कळायच्या आधी आम्ही बरेच घोळ घातले. माझ्या शीटमधली व्हर्जन्स वाचून दाखवतो:

व्हर्जन १: फक्त लिंबू. फरशी पुसल्यासारखं.

व्हर्जन २: लिंबू आणि गवती चहा समसमान. अपेक्षा होती 'हर्बल' काहीतरी, मिळालं दुप्पट लिंबू. सिट्रलमध्ये सिट्रल मिसळलं, दुसरं काय होणार!

व्हर्जन ३: लिंबू निम्मं केलं, थोडं संत्रं घातलं. धार गेली, गोलाई आली. नागपूरकर खूश. 'अबे, आता कुठं फळ वाटून राहिलं!'

व्हर्जन ४: तुळस. यानं सगळ्यांना खाऊन टाकलं. आपल्या तुळशीत युजेनॉल असतं, तेच लवंगेतही असतं. लिंबाच्या सरबताऐवजी दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखं वाटलं.

व्हर्जन ५: पेपरमिंट. टूथपेस्ट. विषय संपला.

व्हर्जन ६: पेपरमिंटऐवजी स्पिअरमिंट, म्हणजे आपल्या चटणीतला पुदिना. पेपरमिंटमध्ये मेंथॉल मुख्य असतं, चटणीच्या पुदिन्यात कार्व्होन. त्यामुळे तो गार करत नाही, फक्त हिरवा वास देतो. जवळ आलो.

व्हर्जन ७: लिंबू, थोडं संत्रं, त्याहून थोडा गवती चहा, पुदिना अगदी नावाला आणि काळ्या चहाचा अर्क एक थेंब. चहाच्या तुरटपणामुळे बाकीच्यांना जमीन मिळाली. डोळे मिटून प्यायलं तर घरच्या अंगणातला चहा.

यातून शिकलो काय? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदललं ते लिहून ठेवायचं. थेंबात नाही, वजनात मोजायचं, कारण प्रत्येक ड्रॉपरचा थेंब वेगळा. आणि तीन ग्लासांनंतर थांबायचं, कारण नाक थकतं. थोडक्यात, कोड डीबग करतो तसंच.

[१०:३०] टाकीला तडा गेला

एक दिवस रूममेटच्या वेपची पारदर्शक प्लास्टिकची टाकी खिशातच गळायला लागली. बघतो तर बारीक बारीक तडे. घरी मिसळणाऱ्यांच्या जगात ही जुनीच गोष्ट आहे. लिंबूवर्गीय आणि दालचिनीचे काही अर्क ठरावीक प्लास्टिकला तडे पाडतात, म्हणून ते लोक काचेची टाकी वापरतात. लिमोनीन हे चांगलं सॉल्व्हंट आहे. थर्माकोलच्या तुकड्यावर संत्र्याची साल दाबा, खड्डे पडलेले दिसतील.

मी घाबरलो. म्हटलं, प्लास्टिकचं हे होतंय, तर याच्या फुफ्फुसाचं काय?

इथे जरा सावकाश जाऊ, कारण हा युक्तिवाद चुकीचा आहे. थर्माकोल विरघळवणारं तेच संत्रं आपण सोलून खातो, आपल्या हाताला खड्डे पडत नाहीत. प्लास्टिकचं जे होतं तेच शरीराचं होईल असं नाही. पण त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी: पोटाला जे चालतं ते फुफ्फुसाला चालेल, असंही नाही. प्रत्येक ठिकाणची टेस्ट वेगळी असते. आपल्या भाषेत, 'माझ्या लॅपटॉपवर चालतंय' म्हणून कुणी प्रॉडक्शनला टाकत नाही ना?

फ्लेवरच्या बाटलीवर 'फूड ग्रेड' लिहिलेलं असतं. ती टेस्ट पोटाच्या सर्व्हरवर पास झालीये. बस, तेवढंच. अमेरिकेतली फ्लेवर बनवणाऱ्यांची संघटना, जी खाण्याचे फ्लेवर सुरक्षित आहेत की नाही हे ठरवते, तिनं स्वतःच जाहीर सांगितलंय की आमचा सुरक्षिततेचा निर्वाळा खाण्यासाठी आहे, ई-सिगारेटमधून ओढण्यासाठी नाही. विकणारेच सांगतायत, मंडळी!

[१२:४०] पोट आणि फुफ्फुस: फरक काय

पोटात गेलेली गोष्ट आधी आम्लात पडते. मग आतड्यातून शोषली गेली की पहिल्यांदा यकृताकडे जाते. यकृत म्हणजे वॉचमन. बऱ्याचशा गोष्टी तो तिथेच तोडून टाकतो.

फुफ्फुसाला असा वॉचमन नाही. तिथे कोट्यवधी बारीक फुगे आहेत आणि त्यांची भिंत मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ. प्राणवायू पटकन रक्तात जावा म्हणून ती इतकी पातळ असते. तो दरवाजा तुम्ही वापरला की काहीही पटकन आत जातं. निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं ते यामुळेच.

याचं गाजलेलं उदाहरण सांगतो. डायॲसिटिल नावाचा पदार्थ. लोण्याचा वास त्याचा. खऱ्या लोण्यातही थोडा असतोच, खायला काही अडचण नाही. २००० साली अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या जॅस्पर गावात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातले आठ माजी कामगार फुफ्फुसाच्या गंभीर आजारानं त्रस्त असल्याचं पुढे आलं. श्वासाच्या बारीक नळ्यांना व्रण पडून त्या अरुंद होतात, आणि ते पुन्हा बरं होत नाही. तपासात बोट गेलं ते लोण्याच्या फ्लेवरच्या वाफांकडे. त्याच कारखान्याचं पॉपकॉर्न खाणारे ठीक, तो वास रोज ओढणारे आजारी. माझ्या भावाच्या प्रश्नाचं उत्तर या एका कारखान्यात आहे.

आता नीट सांगायला हवं: वेपमुळे लोकांना हाच आजार होतोय असा याचा अर्थ नाही. यूकेमध्ये ई-लिक्विडमध्ये डायॲसिटिल घालायला २०१६ पासून बंदी आहे. पण ती बंदी आली कशामुळे? कुणीतरी 'खायला चालतं' एवढ्यावर थांबलं नाही म्हणून.

आणि आपलं सिट्रल? २०१८ मध्ये अमेरिकेतल्या येल आणि ड्यूक विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवलं की काही फ्लेवर पीजीमध्ये नुसते ठेवले तरी त्याच्याशी संयोग पावून नवे पदार्थ तयार होतात. त्यांनी तपासलेल्यांत दालचिनीचा, व्हॅनिलाचा आणि आपलं सिट्रलही होतं. हे नवे पदार्थ वाफेतही पोचतात आणि श्वासमार्गातल्या जळजळ ओळखणाऱ्या रिसेप्टर्सना चेतवतात. म्हणजे बाटलीवर जे लिहिलंय ते आत जसंच्या तसं राहत नाही. माझ्या एक्सेल शीटमध्ये त्या नव्या पदार्थांसाठी कॉलमच नव्हता!

[१५:२०] तेल ही आणखी वेगळी भानगड

माझ्या भावानं तर फ्लेवरही नाही, तेल टाकलं होतं. रूममेट जे वापरायचा ते पीजीत विरघळणारे अर्क. डिफ्यूझरचं तेल हे शुद्ध सुगंधी तेल, कितीतरी पट दाट, आणि कधीकधी दुसऱ्या तेलात मिसळलेलं. फुफ्फुसात तेल साचलं की सूज येऊ शकते, त्याला डॉक्टर लायपॉइड न्यूमोनिया म्हणतात.

२०१९ मध्ये अमेरिकेत काय झालं ते आठवत असेल. तरुण मुलं धाप लागून हॉस्पिटलमध्ये यायला लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दाखल झाल्याची किंवा दगावल्याची नोंद झाली, त्यात ६८ मृत्यू. मुख्य संशयित निघालं व्हिटॅमिन ई ॲसिटेट, आणि ते सापडलं मुख्यतः गांजाच्या बेकायदा वेप कार्ट्रिजमध्ये, घट्टपणा यावा म्हणून घातलेलं. हा पदार्थ त्वचेच्या क्रीममध्ये असतो, गोळ्यांमध्ये असतो. त्वचेला चालतो, पोटाला चालतो. फुफ्फुसाला चालला नाही. पुन्हा तीच गोष्ट.

भावाला मी त्याच संध्याकाळी डॉक्टरकडे नेलं. जाताना रिक्षात तो म्हणाला, "दादा, आईला सांगू नको." मी म्हटलं, "आत्याला नाही सांगत, पण डॉक्टरांना सगळं सांगायचं. कुठलं तेल, किती थेंब, किती झुरके." त्यानं सांगितलं. मी बाटलीही सोबत नेली होती. एक्स-रे स्वच्छ निघाला, दहा-बारा दिवसांत खोकला गेला. आमचं नशीब.

तुमच्या ओळखीत कुणी असं काही केलं असेल आणि खोकला थांबत नसेल, धाप लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा ताप असेल, तर वाट बघू नका. डॉक्टरकडे जा आणि नक्की काय ओढलं ते सांगा. लाजेनं 'सर्दी झालीये' म्हणालात, तर डॉक्टर सर्दीचंच औषध देणार.

[१७:३०] आणि आपल्याकडचा कायदा

मँचेस्टरमध्ये कायदेशीर म्हणजे पुण्यात कायदेशीर नाही. भारतात सप्टेंबर २०१९ मध्ये आधी अध्यादेश आणि मग त्याच वर्षी कायदा करून ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात, साठवण, सगळ्यावर बंदी आली. उत्पादन, विक्री किंवा जाहिरातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. साठवणीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

बंदी बरोबर की चूक यावर वाद घालता येईल, कमेंटमध्ये घालाच. पण त्याचा एक व्यावहारिक अर्थ समजून घ्या. आज इथे जो वेप मिळतो तो सगळा चोरट्या मार्गानं आलेला. आत काय आहे, निकोटिन किती, हे तपासणारं कुणीच नाही. मँचेस्टरच्या ओट्यावर निदान बाटल्यांवरचं लेबल वाचता येत होतं. माझ्या व्हिडिओत हा फरक कुठेच दिसत नव्हता. तो व्हिडिओ मी डिलीट केला, पण त्याआधी ग्रुपवर सगळी गोष्ट लिहिली. नुसता डिलीट केला असता, तर बाकीच्या भावंडांना काय कळलं असतं?

[१९:००] मग व्हर्जन ७ चं काय करायचं?

सोड्यात घालायचं! तिथे ते पहिल्या दिवसापासून छान लागत होतं. आता बाटलीतले अर्कही नकोत, स्वयंपाकघरातलं सामान घ्या.

आठ पिकलेली लिंबं आणि एक संत्रं धुऊन पुसून घ्या. सालीचा फक्त वरचा रंगीत भाग किसा. पांढरा भाग आला की कडू होणार. हा कीस एक वाटी, म्हणजे साधारण २०० ग्रॅम साखरेत बोटांनी चोळा आणि दोन तास झाकून ठेवा. साखर सालीतलं तेल ओढून घेते, तुम्हाला ती ओलसर झालेली दिसेल. लिमोनीन पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून नुसत्या पाण्यात साल उकळून हा वास मिळत नाही.

तोवर गवती चहाच्या आठ-दहा पाती कापून एक वाटी पाण्यात झाकण ठेवून पाच मिनिटं उकळा. झाकण विसरलात तर सिट्रल तुमच्या किचनला मिळेल, सरबताला नाही! गॅस बंद करून त्यात पुदिन्याची चार पानं आणि चिमूटभर चहा पावडर टाका, तीन मिनिटांनी गाळा. हे कोमट पाणी साखरेवर ओता, ढवळा, मग अर्धी वाटी लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ. पुन्हा गाळून काचेच्या बाटलीत भरा आणि फ्रीजमध्ये ठेवा.

एक भाग हे मिश्रण, चार भाग थंड सोडा. आठवड्याभरात संपवा, कारण आंबट मिश्रणात सिट्रल टिकत नाही, हळूहळू वास बदलतो. शिळ्या सरबताला ताज्याचा वास नसतो, त्याचं एक कारण हे.

मागच्या रविवारी भाऊ घरी आला होता. दोन ग्लास प्यायला आणि म्हणाला, "दादा, पुदिना जरा जास्त झालाय." मी शीट उघडून त्याच्यासमोर ठेवली. व्हर्जन ८ त्यानं स्वतः लिहिलंय: पुदिन्याची दोनच पानं. करून बघा आणि सांगा कोणाचं बरोबर.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. आणि हो, भावंडांच्या ग्रुपवर काही टाकण्याआधी सगळ्यात लहान कोण बघणार आहे ते आठवा.